रात्रपाळीचे तास पगारपत्रकात का हरवतात: एकमेकांवर चढणाऱ्या कालखंडांचा हिशेब

कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांमध्ये रात्रपाळी चालू असते. ती सुरू झाली की माझ्याकडे एकच तक्रार दरवर्षी नव्या रूपात येते: मस्टर बरोबर आहे, दर बरोबर आहे, तरी पगारपत्रकातले तास जुळत नाहीत. कधी तास कमी भरतात, कधी तोच तास दोनदा मोजला जातो, तर कधी जादा कामाचा मोबदला पूर्णपणे गळून पडतो. मी तालुक्याच्या गावी हजेरी आणि मजुरीचे प्रोग्रॅम लिहितो. ही चूक कशी शोधायची आणि ती पुन्हा उद्भवणार नाही अशा रीतीने हिशेब कसा बांधायचा, हे येथे सविस्तर मांडत आहे.

लक्षण

२०२४ च्या डिसेंबरात, बाजाराच्या दिवशी हप्त्याचे वाटप चालू असताना, प्रेसवर काम करणारे एक कामगार खिडकीशी थांबून राहिले. त्यांच्या हातात बियाण्याच्या दुकानातून मिळालेली लहानशी डायरी होती आणि तिच्यात त्यांनी पेन्सिलीने रोजची पाळी लिहून ठेवली होती. तीन रात्रींपुढे ‘८ ते ५’ असे होते, तीन रात्रींपुढे ‘७ ते ६’ असे होते, आणि ‘७ ते ६’ च्या प्रत्येक ओळीखाली एक आडवी रेघ मारलेली होती.

“भाऊ, या हप्त्यात माह्ये तीन घंटे कमी कसे आले जी?” त्यांनी विचारले.

दिवाणजींनी मस्टर काढले. सहाही रात्री हजर होत्या, अंगठ्याच्या यंत्रावरच्या नोंदीही डायरीशी जुळत होत्या. तासाभराची सुटी वजा करून डायरीप्रमाणे ५४ तास होत होते, आणि पगारपत्रक ५१ दाखवत होते. डायरी बरोबर होती. चुकीचा होता तो प्रोग्रॅम, आणि तो मी लिहिलेला होता.

त्या कारखान्यात रात्रपाळी संध्याकाळी ८ ते पहाटे ५ अशी असते आणि मध्यरात्री १२ ते १ जेवणाची सुटी असते. कापसाची आवक वाढली, आवारात गंजी मोठी झाली आणि गाठी बांधण्याचे काम मागे पडले, की तीच पाळी ७ ते ६ होते. तक्रार फक्त अशा लांबलेल्या रात्रींची होती. नेहमीच्या रात्रींचे तास अगदी बरोबर येत होते, आणि म्हणूनच ही चूक दोन हंगाम कोणाच्या लक्षात आली नव्हती. तुमच्याकडेही चूक काही रात्रींनाच दिसत असेल, तर आधी त्या रात्रींमध्ये समान काय आहे ते पाहावे. कारण बहुधा तिथेच सापडते.

पहिले कारण: दिवस मध्यरात्री तोडणे

माझा प्रोग्रॅम प्रत्येक पाळी रात्री बाराला तोडून दोन तारखांमध्ये वाटत असे आणि मग त्या पाळीच्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब स्वतंत्रपणे करत असे. सुटीसाठी नियम असा लिहिला होता की ज्या तुकड्यात चार तासांहून अधिक हजेरी असेल, त्यातून एक तास वजा करावा. नेहमीच्या रात्री पहिल्या तारखेला बरोबर चार तास येत. चार हे चारहून अधिक नाहीत, म्हणून तिथे वजावट होत नसे. दुसऱ्या तारखेला पाच तास येत, त्यातून एक जाई. चार आणि चार आठ, हिशेब बरोबर. लांबलेल्या रात्री मात्र पहिल्या तारखेला पाच आणि दुसऱ्या तारखेला सहा तास येत, दोन्हींतून एकेक तास जाई, आणि दहा तासांच्या कामाचे नऊच उरत. तीन रात्रींचे तीन तास असे गेले होते.

याहून मोठे नुकसान त्यांच्या डायरीत दिसत नव्हते. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे दिवसात नऊ तासांहून किंवा आठवड्यात ४८ तासांहून अधिक काम झाले, तर जादा वेळेसाठी सर्वसाधारण दराच्या दुप्पट मजुरी द्यावी लागे. रात्र बाराला तोडली की एका तारखेला चार तास आणि दुसरीला पाच तास दिसतात. नऊची मर्यादा कोणत्याही तुकड्यात ओलांडली जात नाही आणि जादा काम शून्य निघते. माणूस रात्रभर प्रेसवर उभा असतो आणि कागदावर त्याने दोन दिवस अर्धे-अर्धे काम केलेले असते.

कायद्याने याचा विचार आधीच केलेला आहे. त्याच अधिनियमात ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे २४ तास अशी व्याख्या होती, पण कलम ५७ रात्रपाळीसाठी तिला अपवाद करत असे. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपल्यापासूनचे २४ तास समजायचा. साप्ताहिक सुटीचे २४ तासही तिथूनच सुरू होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही रात्रपाळीचे हेच तत्त्व कायम आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे कलम आधी वाचले पाहिजे, आणि मी ते उशिरा वाचले याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की प्रत्येक पाळीला ‘कामाचा दिवस’ नावाचा वेगळा रकाना द्यावा आणि त्यात पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख ठेवावी. दिवसाची मर्यादा, सुटीची वजावट आणि आठवड्याची बेरीज या तिन्ही गोष्टी या रकान्यावर चालाव्यात. दिनदर्शिकेची तारीख वेगळी ठेवावी. तीही लागते, पण दुसऱ्या कामासाठी, आणि ते काम पुढे येईलच.

आठवड्याच्या कडेलाही असेच घडते. अधिनियमाप्रमाणे आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होई, त्यामुळे शनिवारची रात्रपाळी आठवड्याच्या धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, पडे. जुना प्रोग्रॅम तिचे बारानंतरचे तास पुढच्या आठवड्यात टाकत असे. रात्रपाळी सलग चालू असताना गेल्या शनिवारचे चार तास आत येत आणि या शनिवारचे चार बाहेर जात, म्हणून बेरीज जुळलेली दिसे. पाळी बदलली, की त्या हप्त्यात कोणाचे तरी चार तास कमी दिसत आणि पुढच्या हप्त्यात जास्त. ‘पाळी बदलली की हिशेब हुकतो’ अशी तक्रार आली, तर आधी हे तपासावे.

दुसरे कारण: सामाईक मिनिटे काढण्याची पद्धत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मजुरीच्या हिशेबातले बहुतेक प्रश्न एकाच आकाराचे असतात: या कालखंडातली किती मिनिटे त्या कालखंडात पडतात? पाळीतली किती मिनिटे रात्रभत्त्याच्या वेळेत येतात, किती जेवणाच्या सुटीत येतात, किती नव्या दराच्या तारखेनंतर येतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘जर-तर’ची लांब साखळी लिहिलेली आढळते: जर सुरुवात आत असेल आणि शेवट बाहेर, तर असे, जर दोन्ही आत असतील, तर तसे. माझ्या साखळीत सहा प्रकार होते. दोन कालखंडांमध्ये एकूण १३ प्रकारचे संबंध असू शकतात, हे संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्येच मांडून ठेवले आहे. सहा प्रकार हाताळणारी साखळी उरलेल्या सातांपैकी एखाद्या रात्री नक्कीच तुटते.

वास्तविक साखळीची गरजच नाही. पुढची एक ओळ तेराही प्रकारांना पुरते (मॅक्स म्हणजे दोहोंतला मोठा आकडा, मिन म्हणजे लहान):

सामाईक = मॅक्स(०, मिन(शेवट१, शेवट२) − मॅक्स(सुरुवात१, सुरुवात२))

दोन सुरुवातींपैकी जी उशिराची, तिथून सामाईक भाग सुरू होतो. दोन शेवटांपैकी जो आधीचा, तिथे तो संपतो. वजाबाकी ऋण आली, तर दोघांमध्ये सामाईक काहीच नाही, म्हणून शून्य. एक्सेलमध्ये असो, पायथनमध्ये असो की पीएचपीमध्ये, हे एकच फंक्शन लिहावे आणि साऱ्या हिशेबाने त्यालाच विचारावे. दुसऱ्या कुठेही सामाईक वेळ वेगळ्या पद्धतीने काढू नये.

हे सूत्र नीट चालण्यासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे वेळ घड्याळाच्या आकड्यात न ठेवता एका ठरलेल्या क्षणापासूनच्या मिनिटांत ठेवावी. आठवड्याच्या आरंभापासून, म्हणजे रविवारच्या पहिल्या मिनिटापासून मोजले, तर मंगळवारी संध्याकाळचे ७ म्हणजे ४०२० वे मिनिट आणि बुधवारी सकाळचे ६ म्हणजे ४६८० वे. फरक ६६० मिनिटे, म्हणजे अकरा तास. मध्यरात्र ओलांडल्याचा कुठेही त्रास नाही, कारण या मोजणीत मध्यरात्र हेही इतर मिनिटांसारखेच एक मिनिट आहे. रात्रभत्त्याची वेळ मंगळवारी रात्री १० ते बुधवारी सकाळी ६, म्हणजे ४२०० ते ४६८०. सूत्रात घालून पाहा: लहान शेवट ४६८०, मोठी सुरुवात ४२००, सामाईक ४८० मिनिटे. सुटी ४३२० ते ४३८०, म्हणजे तिची ६० मिनिटे त्यातून जातात आणि भत्त्याची ४२० उरतात.

दुसरी गोष्ट कडेच्या मिनिटाची. शेताच्या धुऱ्यासारखेच हे आहे. धुरा कोणाचा हे ठरलेले नसले, की दोघेही त्यावर पेरतात किंवा तो पडीक राहतो. सुटी १२ ला सुरू होते आणि कामाचा आधीचा तुकडाही १२ लाच संपतो. मग बाराचे मिनिट कोणाचे? नियम असा ठेवावा की सुरुवातीचे मिनिट त्या कालखंडाचे, आणि शेवटचे मिनिट त्याच्या पुढच्या कालखंडाचे. ‘१२ ते १’ म्हणजे १२:०० पासून १:०० च्या अगदी आधीपर्यंत. दिवसाचा शेवट ११:५९ असा लिहिण्याची सवय फार लोकांना आहे. ती सोडून द्यावी, कारण प्रत्येक रात्री एक मिनिट त्या फटीत पडते आणि महिनाअखेरीस कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही.

या सूत्राशी निगडित एक चूक फिटर लोकांच्या बाबतीत वारंवार आढळते. पहाटे रेचा (कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र) बंद पडला म्हणून फिटरला ४ वाजता बोलावले आणि तो ९ ला गेला. प्रोग्रॅम त्या तारखेच्या रात्रभत्त्याची वेळ पाहतो, ती रात्री १० ला सुरू होते, म्हणून सामाईक शून्य येते आणि फिटरचा भत्ता बुडतो. प्रत्यक्षात त्याची ४ ते ६ ही १२० मिनिटे आदल्या तारखेला सुरू झालेल्या रात्रीत पडतात. म्हणून रोज परत येणाऱ्या कोणत्याही वेळेशी तुलना करताना आदल्या दिवसाची, त्या दिवसाची आणि पुढच्या दिवसाची अशा तिन्ही खिडक्या, म्हणजे वेळेचे कालखंड, तयार कराव्यात आणि सामाईक मिनिटांची बेरीज घ्यावी. खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, त्यामुळे दुहेरी मोजणी होण्याचा प्रश्न येत नाही.

तिसरे कारण: एकाच मिनिटावर दोन-तीन हक्क

सामाईक मिनिटे बरोबर आली, तरी मजुरी चुकू शकते, कारण तेच मिनिट एकाच वेळी रात्रभत्त्याचेही असते, जादा कामाचेही असते आणि नव्या दराचेही असते. या तिन्हींची बेरीज वेगवेगळी काढून शेवटी एकत्र केली, की काही मिनिटांचा मोबदला दोनदा पडतो. जादा तासाची दुप्पट मजुरी काढायची आणि तो तास मूळ मजुरीतून काढून टाकायचा विसरायचा, म्हणजे प्रत्यक्षात तिप्पट द्यायची, ही चूक मी इतरांच्या कितीतरी एक्सेल शीटमध्ये पाहिली आहे.

यावर मला खात्रीचा वाटणारा उपाय तुकडे पाडण्याचा आहे. पाळीच्या आत येणाऱ्या सगळ्या कडा गोळा कराव्यात, त्यांना क्रमाने लावावे, आणि लगतच्या दोन कडांमधला प्रत्येक तुकडा एकदाच घेऊन त्याला एकच दर लावावा. ३१ डिसेंबरची रात्र हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो आणि त्यातली जानेवारीची तारीख कापसाच्या ऐन हंगामात येते.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून जुना दर तासाला ६० रुपये, नवा ६३ रुपये आणि रात्रभत्ता तासाला १२ रुपये धरू. पाळी ७ ते ६. कडा पुढीलप्रमाणे: ७, १०, १२, १, ५ आणि ६. पहाटेचे ५ ही कड कुठून आली? १९४८ च्या अधिनियमातली नऊ तासांची मर्यादा धरली, तर सुटी वजा जाता कामाचे नऊ तास ५ वाजता पूर्ण होतात, तिथून जादा काम सुरू होते.

संध्याकाळी ७ ते १०: १८० मिनिटे, जुना दर, १८० रुपये.
रात्री १० ते १२: १२० मिनिटे, जुना दर व रात्रभत्ता, १४४ रुपये.
१२ ते १: सुटी.
१ ते ५: २४० मिनिटे, नवा दर व रात्रभत्ता, ३०० रुपये.
५ ते ६: ६० मिनिटे, नवा दर व रात्रभत्ता, दुप्पट, १५० रुपये.

मिनिटे १८०, १२०, २४० आणि ६०, एकूण ६००. सुटीची ६० मिळवली की ६६०, म्हणजे बरोबर अकरा तास. मजुरी ७७४ रुपये. एकही मिनिट सुटले नाही आणि एकही दोनदा आले नाही, हे कागदावर पाहताक्षणी दिसते. ही पद्धत मला आवडते ती याच कारणासाठी.

या उदाहरणात दोन निर्णय दडलेले आहेत आणि ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गुपचूप घेऊ नयेत. पहिला असा की जादा तासाच्या दुप्पटीत मी रात्रभत्ता धरला आहे, कारण १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये सर्वसाधारण दर म्हणजे मूळ वेतन आणि कामगाराला मिळणारे भत्ते असे म्हटले होते, बोनस आणि जादा कामाची मजुरी मात्र त्यातून वगळली होती. दुसरा असा की जादा कामासाठी रात्र मी तोडली नाही, पण दरासाठी बाराला तोडली. दोन्हींत विरोध नाही. जादा काम ‘कामाच्या दिवसा’वर ठरते, आणि दर दिनदर्शिकेच्या तारखेने जाहीर होतो. १ जानेवारी लागल्यावर केलेल्या कामाला कमी दर देण्याचे मला काही कारण दिसत नाही. आधी उल्लेखिलेले दोन वेगळे रकाने लागतात ते इथे. हे निर्णय मालकांना आणि त्यांच्या कामगार कायद्याच्या सल्लागारांना विचारून लिहून घ्यावेत आणि प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारीच नोंदवून ठेवावेत.

पैशांचा हिशेब पूर्ण पैशांत करावा आणि रुपयांत पूर्णांक करणे पगारपत्रकाच्या शेवटच्या ओळीवरच ठेवावे. प्रत्येक तुकड्याला पूर्णांक करत गेले, तर सहा रात्रींत काही रुपये इकडचे तिकडे होतात.

आठवड्याची मर्यादाही दिवसाच्या मर्यादेवर चढते. खिडकीशी आलेल्या त्या कामगारांचे ५४ तास झाले होते. दिवसाच्या नियमाने तीन रात्रींचे तीन तास जादा, आणि आठवड्याच्या नियमाने ५४ वजा ४८, म्हणजे सहा तास जादा. यांची बेरीज नऊ नव्हे, कारण दिवसाचे तीन तास आठवड्याच्या सहांतही मोजलेले आहेत. आधी दिवसाचे तीन बाजूला काढावेत. उरतात ५१, त्यातले ४८ च्या वरचे तीन आठवड्याचे जादा. एकूण सहा. म्हणजे ४८ तास साध्या दराने आणि सहा तास दुप्पट, मिळून ६० तासांची मजुरी. त्यांना मिळाली होती ५१ ची. ते तीन तास मागायला आले होते आणि त्यांचे नऊ तासांचे पैसे निघत होते. ६० रुपयांच्या दराने हे ५४० रुपये होतात, रात्रभत्ता वेगळा. एका हप्त्यात इतकी रक्कम कमी जाणे ही हंगामावर घर चालवणाऱ्या माणसासाठी लहान गोष्ट नाही, आणि अशा चुकीला ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

नऊ, ४८ आणि दुप्पट हे आकडेही प्रोग्रॅमच्या पोटात लिहू नयेत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत दिवसाच्या कामाचे तास आठ आहेत, १९४८ च्या अधिनियमात ते नऊ होते. आकडे तक्त्यात ठेवावेत आणि प्रत्येकापुढे लागू होण्याची तारीख असावी. मागच्या हंगामाचा हिशेब पुन्हा काढावा लागला, तर जुन्या रात्रीला जुनाच नियम लागला पाहिजे. या तक्त्यातल्या दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढणार नाहीत याचीही तपासणी ठेवावी, नाहीतर एका रात्रीला दोन दर सापडतात आणि प्रोग्रॅम त्यातला जो आधी हाती येईल तो उचलतो.

नोंदीच एकमेकींवर चढल्या असतील तर

कधी चूक हिशेबात नसून नोंदीत असते. अंगठ्याच्या यंत्रावर एकाची हजेरी ८ ते ५ पडलेली असते, आणि मुकादमाने ट्रकमध्ये गाठी भरल्याची ११ ते २ ही नोंद कागदावरून वेगळी दिलेली असते. दोन्ही मिळवल्या, की माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी काम करताना दिसतो. अशा जोड्या शोधण्याची अट अगदी लहान आहे: पहिलीची सुरुवात दुसरीच्या शेवटाआधी, आणि दुसरीची सुरुवात पहिलीच्या शेवटाआधी. एकाच कामगाराच्या नोंदी या अटीवर आपसात ताडून पाहिल्या, की सगळ्या चढलेल्या जोड्या समोर येतात. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस वापरत असाल, तर त्यात एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची अट लावून अशी नोंद आत येतानाच अडवता येते.

एकूण हजेरी हवी असेल, तेव्हा नोंदी सुरुवातीच्या क्रमाने लावाव्यात आणि पुढची नोंद चालू नोंद संपण्याआधी किंवा संपताक्षणी सुरू होत असेल, तर दोन्ही एकत्र कराव्यात. शेवट धरताना दोघींतला मोठा धरावा. पुढची नोंद पूर्णपणे पहिलीच्या पोटात असू शकते, हे विसरून थेट तिचाच शेवट घेतला तर तास घटतात. गाठी भरण्याचा दर वेगळा असेल, तर नोंदी एकत्र न करता वर सांगितल्याप्रमाणे तुकडे पाडावेत आणि कोणत्या कामाचा दर चालेल हे ठरवून घ्यावे.

वीज गेली की यंत्रही बंद पडते आणि बाहेर पडल्याची नोंद होत नाही. तिथे प्रोग्रॅमने आपल्या मनाने ५ वाजता सुटी झाली असे भरू नये. ती पाळी अपुरी म्हणून वेगळ्या यादीत दाखवावी आणि दिवाणजींनी मुकादमाला विचारून ती पूर्ण करावी. यंत्राची आतली बॅटरी संपली, तर घड्याळ मागे जाते. आमच्या एका यंत्राने विजेनंतर १ जानेवारी २००० ही तारीख धरली होती. म्हणून शेवट सुरुवातीच्या आधी असलेली किंवा १६ तासांहून लांब असलेली प्रत्येक पाळी हिशेबात न घेता तपासणीला पाठवावी.

सर्व्हरवरची एक फसवी चूक

एका दुसऱ्या कारखान्यात वर सांगितलेले सगळे ठीक होते, तरी लक्षण तेच होते: ८ ते ५ बरोबर, ७ ते ६ चूक. तिथे सर्व्हर वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवत होता. आपली वेळ तिच्याहून साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. साठवलेल्या वेळेतून सरळ तारीख काढली, तर आपला दिवस साडेपाचला तुटतो. पहाटे ५ ची बाहेर पडल्याची नोंद आदल्या तारखेतच राहते, म्हणून नेहमीची रात्र योगायोगाने अखंड दिसते. ६ ची नोंद मात्र पुढच्या तारखेत जाते आणि पाळी तुटते. कामाच्या दिवसाची तारीख काढण्याआधी वेळ भारतीय वेळेत आणली, की हा दोष जातो. दोन वेगळ्या कारणांचे लक्षण हुबेहूब सारखे असू शकते, त्यामुळे एक कारण सापडले म्हणून शोध थांबवू नये.

एक्सेलवर काम करणाऱ्यांसाठी थोडेसेच सांगायचे आहे. एक्सेलमध्ये वेळ हा दिवसाचा अपूर्णांक असतो, म्हणून रात्रपाळीत बाहेरची वेळ वजा आतली वेळ ऋण येते. तारीख आणि वेळ एकत्र एकाच सेलमध्ये ठेवावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आठवड्याची बेरीज ५४ तास असताना सेल ६ तास दाखवत असेल, तर हिशेब चुकलेला नाही. सेल २४ तास पूर्ण झाले की पुन्हा शून्यापासून दाखवत आहे. सेलच्या स्वरूपात तासाचे अक्षर चौकोनी कंसात घातले की ५४ दिसतात. आणि साडेआठ तास ८.३० असे लिहू नयेत. गुणाकारात ते ८.५ नसून ८.३ होतात, आणि दर दिवशी बारा मिनिटे जातात.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

नवे फंक्शन लिहिल्यावर मी ते आधी कोऱ्या उदाहरणांवर तपासले: एकमेकांना नुसते टेकणारे दोन कालखंड, एकाच्या पोटात दुसरा, दोन्ही अगदी सारखे, दोन्ही पूर्णपणे वेगळे, शून्य लांबीचा एक. टेकणाऱ्यांचे उत्तर शून्य आलेच पाहिजे. मग प्रत्येक पाळीसाठी एक अट प्रोग्रॅममध्येच कायमची ठेवली, की सगळ्या तुकड्यांची बेरीज पाळीच्या एकूण मिनिटांइतकी नसेल, तर पगारपत्रक छापायचे नाही. ही अट काढून टाकण्याचा मोह हप्त्याच्या दिवशी गर्दीत होतो. ती काढू नये.

त्यानंतर दोन्ही हंगामांच्या सगळ्या नोंदी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोग्रॅममधून चालवल्या आणि जिथे फरक आला तेवढ्याच रात्री वेगळ्या काढल्या. जवळजवळ सगळा फरक ७ ते ६ च्या रात्रींचा निघाला, काही पाळी बदललेल्या हप्त्यांचा, आणि थोडा फिटर लोकांचा. काही रात्रींना जुन्या प्रोग्रॅमने जास्त दिले होते. ते परत मागायचे नाही, असे मालकांनी त्याच बैठकीत सांगितले. कमी गेलेल्यांची यादी दिवाणजींनी नावनिशीवार केली आणि थकबाकी पुढच्या दोन हप्त्यांत दिली गेली. जे कामगार हंगाम संपवून गावी परतले होते, त्यांच्याकडे मुकादमामार्फत निरोप पाठवावे लागले.

पावतीतही एक बदल केला. आधी पावतीवर एकूण तास आणि एकूण रक्कम एवढेच असे. आता प्रत्येक रात्रीचे तुकडे छापले जातात: कुठून कुठपर्यंत, किती मिनिटे, कोणता दर. कागद थोडा जास्त लागतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी प्रेसवरचे तेच कामगार पावती घेऊन खिडकीच्या कडेला बसले, डायरी मांडीवर उघडली, आणि पेन्सिलीने एकेका ओळीवर बरोबरची खूण करत शेवटच्या रात्रीपर्यंत आले.